विसर्जनाच्या पाण्यातले महाशीर

"बादली आण, बादली. उभा काय राहिलायस, मी काय इथे कीर्तन करतोय?"

मामा ओरडत होता. गुडघ्यापर्यंत गाळात, पँट मांडीपर्यंत वळलेली, एका हातात माझा चांगला रुमाल आणि दुसऱ्या हातात काहीतरी तडफडणारं. जागा मुठेचं पात्र, विठ्ठलवाडीच्या जरा वरच्या अंगाला. वेळ विसर्जन आटोपल्यानंतरची सकाळ. आदल्या दिवसापर्यंत तिथे हत्ती बुडेल एवढं पाणी होतं. आता गाळ होता, निर्माल्य होतं, आणि सोंड गेलेले, हात गेलेले, रंग धुऊन पांढरेफटक पडलेले गणपती होते. इतके, की पाऊल टाकायचं तर आधी माफी मागावी लागत होती. त्या गणपतींच्या मधल्या डबक्यांत आमचे मासे मरत होते.

"बादली गाडीत आहे," मी काठावरून म्हणालो.

"मग काय गाडीला आंघोळ घालायचीय तिने? आण इकडे."

आमचे मासे म्हणजे महाशीर. हा मासा एकेकाळी मुठेत होता असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मामा म्हणायचा. दुसरं कोणी म्हणताना मी ऐकलेलं नाही.

मामा हा माझ्या आईचा धाकटा भाऊ. नारायण पेठेत दोन खोल्या, सरकारी खात्यात कारकुनी, आणि तरुणपणी ऑफिसच्या आधी रोज सकाळी नदीवर गळ टाकून बसायचं व्यसन. व्यसन अशासाठी म्हणतो की आमच्या घराण्यात मासा खाणं लांबच, ताटावर बसून त्याचं नाव काढलं तरी आजोबा पाट सोडून उठायचे. त्यामुळे मामा मासा पकडायचा, त्याच्याकडे बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. गळाला गांडूळही लावायचा नाही. कणकेचा गोळा, त्यात हिंग. नदीतल्या अर्ध्या माशांना त्यानं शाकाहारी करून सोडलं होतं, असं मी लोकांना सांगतो आणि त्यात फारसं काही चूक नाही.

तर पानशेत फुटायच्या आदल्या हिवाळ्यात या हिंगाच्या गोळ्याला महाशीर लागला. सोनेरी अंग, ताटलीएवढे खवले, जाड ओठ, तोंडाला मिशा. मामानं त्याला काठाशी ओढून आणला, बघितला आणि सोडून दिला. साक्षीदार दोनच, मामा आणि नदी. आणि या दोघांचाही शब्द आमच्या पेठेत कोणी कधी घेतला नाही.

मासा न घेता घरी आलेल्या माणसाकडे शेवटी सांगायला फक्त मासाच उरतो. माझ्या मुंजीत तो मासा हातभर होता. माझ्या लग्नात दोन माणसांनी उचलावा एवढा झाला. पुढे धरणं वर चढत गेली, नदी खाली आटत गेली, आणि मामाचा महाशीर मात्र वर्षागणिक पोसत गेला. मामी पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "या घरात तेवढी एकच गोष्ट वाढतेय. वाढू दे."

मी विम्याचा एजंट. धडधाकट माणसाला त्याच्या मरणाची गोष्ट चहा गार व्हायच्या आत पटवून द्यायची, हा माझा धंदा. थापा मारणं मला नवीन नाही, आणि म्हणूनच खरं बोलणारा माणूस मला लांबून ओळखू येतो. थाप मारणारा सगळा वेळ ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत असतो, गिऱ्हाईक गळाला लागलं का ते. मामा तो मासा सांगताना कोणाकडेच बघायचा नाही. स्वतःच्या हातांकडे बघायचा. लांबी कितीही वाढवो, मासा होता. हे मला बरंच आधी कळलं होतं आणि मी मामाला ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण त्याची टिंगल करण्यात आमच्या घरातले सगळे सणवार गेले.

मग त्याला काचबिंदू झाला. कडेनं दिसणं बंद होत चाललं. समोरचं तेवढं दिसे, नळीतून बघितल्यासारखं. तेव्हापासून मामाची एकच मागणी सुरू झाली. डोळे आहेत तोवर मुठेत महाशीर पुन्हा राहायला यावा, आणि तो आपल्याशिवाय दुसऱ्या कोणीतरी बघावा. "एक माणूस पुरे," तो म्हणायचा. "परका असला तर उत्तम."

आता मुठेची तेव्हाची परिस्थिती. वर एकामागे एक धरणं. त्यांचं पाणी पाइपातून शहराला आणि कालव्यातून शेतीला. नदीला काय, तर शहरानं वापरून परत केलेलं. या काठावरून निघालेल्या डासाला त्या काठावर पोचेपर्यंत स्वतःलाच ताप यायचा. तिकडे हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उगवत होत्या, पेठेतली पोरं रात्रपाळीला अमेरिकेशी बोलत होती, वाघोलीपर्यंत शेतात फ्लॅटच्या पाट्या लागल्या होत्या. शहरात जे येत होतं ते सगळं तहानलेलं येत होतं. अशा नदीत महाशीर आणायचा म्हणजे सांडपाण्याच्या टाकीत राजघराणं वसवायचं.

पण त्या काचेच्या इमारतींनीच आम्हाला आशा लावली. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये यवतमाळकडचा एक आयटीवाला भाड्यानं राहायला आला होता. एकटा, पगार दणदणीत, रविवारी काय करायचं ते न कळणारा. मामा एकदा माझ्याकडे जेवायला आला असताना हा त्याच्या तावडीत सापडला. अख्खी मासापुराण-कथा त्यानं एकदाही जांभई न देता ऐकली आणि म्हणाला, "काका, महाशीर भेटते ना."

"भेटतो पाहुणा," मामा म्हणाला. "मासा मिळतो."

"तेच ते. इंटरनेटवर आहे सगळं. घाटावर एक हॅचरी आहे, तिथे ब्रीडिंग करतात. छोटे छोटे देतात आपल्याला, नदीत रिलीज करायला."

मामानं चष्मा पुसला. "अहो संगणक," तो म्हणाला (पुढे त्याला कायम याच नावानं हाक मारली), "तुम्ही हे इतके दिवस कुठे होता?"

संगणकानं महाशीरसाठी एक वेबसाइट केली. पडद्यावर एक सोनेरी मासा डावीकडून उजवीकडे जायचा आणि परत डावीकडून उगवायचा. मामा माझ्याकडे येऊन तो मासा बघत बसे. मुठेतला मासा पुन्हा आणायचा आहे, मदत करा, असं आवाहन होतं. त्यावर एकच उत्तर आलं. होम डिलिव्हरी आहे का, आणि साफ करून देता का.

घाटमाथ्यावरच्या मत्स्यबीज केंद्रात आम्ही तिघं गेलो ते श्रावणात. तिथल्या माणसानं हौदातले बोटभर लांबीचे महाशीर दाखवले. बोटुकली म्हणतात त्यांना. काळपट पाठी, सोनं अजून अंगावर चढायचं होतं. मामा हौदावर इतका वाकला की मी त्याच्या पट्ट्याला धरून उभा राहिलो.

"नदी कुठली?" माणसानं विचारलं.

"मुठा."

तो बराच वेळ मामाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "वाहतं पाणी बघून सोडा. स्वच्छ आणि वाहतं. साचलेल्यात सोडलेत तर काही खरं नाही." आणि न्यायला कधी येताय ते आधी कळवा, असं सांगून त्यानं मुलीच्या बापासारखा उसासा टाकला.

वाहतं पाणी. धरणाच्या खाली मुठा दोनच वेळा वाहते. एक, धरण भरून सांडलं की. त्या वर्षी पाऊस असा हिशोबी पडला की धरण काठोकाठ आलं आणि थांबलं, पुढचा थेंब नाही. दुसरी वेळ म्हणजे गणेश विसर्जन. तेव्हा लोकांना मूर्ती बुडवायला पाणी लागतं म्हणून वरून सोडतात. मामानं पेपरातली बातमी माझ्यासमोर धरली. विसर्जनासाठी नदीपात्रात पाणी सोडणार, नदीकाठच्या नागरिकांनी सावध राहावं.

"हा आपला मुहूर्त," मामा म्हणाला. "गणपती जातील, महाशीर येतील."

आता इथे आमची अक्कल बघा. पाणी कधी सोडणार, हे मी विचारलं. किती सोडणार, हे संगणकानं विचारलं. कुठपर्यंत स्वच्छ राहील, हे मामानं खात्यातल्या जुन्या मित्राला फोन करून विचारलं. बंद कधी करणार, हे तिघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही. जन्म पुण्यात काढलेल्या माणसाला नदीत पाणी येणं हीच एवढी मोठी गोष्ट वाटते की त्यापुढचं त्याच्या डोक्यातच येत नाही. संगणक यवतमाळचा. त्याला वाटलं, नदी म्हणजे एकदा सुरू झाली की वाहत असेल.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी मासे आले. प्राणवायू भरून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या, संगणकाच्या नव्याकोऱ्या गाडीत मागच्या सीटवर पट्टे लावून बसवलेल्या. मासे तापू नयेत म्हणून एसी असा लावला होता की मामा भाद्रपदात कानटोपी घालून बसला होता. वाटेत पोलिसानं अडवलं, आत वाकून बघितलं, आणि काहीही न विचारता हातानं पुढे जा म्हणून खूण केली. मिरवणुकीच्या दिवशी पोलीस कशाचंच आश्चर्य करत नाहीत.

नदी बघून मात्र माझी बोलती बंद झाली, आणि हे माझ्या बायकोला आजही खोटं वाटतं. पाणी वाहत होतं. खडकांवरून फेसाळत, आवाज करत, खरोखरीच्या नदीसारखं. काठावर घरगुती गणपतींची गर्दी, आरत्या, वाटल्या डाळीचे डबे. आम्ही जरा बाजूला पाण्यात उतरलो आणि पिशव्या न उघडता तशाच तरंगत ठेवल्या. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं गार व्हायला हवं, नाहीतर मासा दगावतो. तेवढ्यात निर्माल्य गोळा करणाऱ्या एक स्वयंसेविका बाई धावत आल्या.

"आजोबा, प्लास्टिक नदीत टाकू नका."

"टाकत नाहीये. आत मासे आहेत. पाणी जुळवतोय."

"सगळे असंच काहीतरी सांगतात."

मामानं पिशवी सोडली. तोंड पाण्याखाली धरून हळूच वाकडी केली. आधी काहीच हललं नाही. मग एकेक करून बोटुकली बाहेर आली आणि खडकाच्या आडोशाला गेली. शेजारच्या कुटुंबाला वाटलं यांचाही गणपती चाललाय, त्यांनी मोरया म्हटलं. मामा वाकलेला तसाच राहिला. मग तो सरळ झाला आणि त्या बाईंकडे वळला.

"बघितलंत ना बाई? महाशीर होते. मुठेत."

"हो हो, बघितलं," बाई म्हणाल्या. "पिशवी द्या इकडे."

त्या रात्री मामा जेवला नाही म्हणे, नुसता हसत बसला. मामीनं मला फोन करून विचारलं, याला तिकडे काय पाजलंत.

पुढचा सबंध दिवस शहर मिरवणुकीत होतं. त्याच्या पुढच्या सकाळी मामा एकटाच रिक्षा करून मासे बघायला गेला, आणि रस्त्यावरच्या टपरीवरून त्यानं मला फोन केला. फोनवर तो ओरडला नाही. "नदी बंद केलीय रे," एवढंच म्हणाला. ओरडायला लागला तो आम्ही पोचल्यावर.

तर ती बादली. मी ती घेऊन गाळात उतरलो. संगणक हजारो रुपयांच्या बुटांसकट उतरला. डबकी शोधायची, हातानं चाचपायचं, जिवंत असेल तो बादलीत. शहरातले झाडून सगळे बगळे आमच्याआधी येऊन बसले होते आणि कामाला लागले होते. आम्ही जवळ गेलो तरी उठत नव्हते, नुसते सरकून जागा देत होते. मामाला कडेचं दिसत नसल्यामुळे तो मान इकडून तिकडे फिरवत, एका वेळी एक डबकं बघत पुढे जात होता. एका मूर्तीच्या मांडीखाली त्याला तीन-चार एकदम सापडले. त्यानं मूर्ती उचलून बाजूला ठेवली, पाय लागला म्हणून हात कपाळाला लावला, आणि मासे ओंजळीत घेतले. त्यातला एक हलत होता.

बादलीत शेवटी जेमतेम मूठभर जमले. आणि तेव्हा लक्षात आलं की बादली हातात आहे, मासे बादलीत आहेत, पण ओतायचे कुठे. नदीकाठी उभं राहून आम्ही नदी शोधत होतो.

"काका, कॅनॉल," संगणक म्हणाला.

सिंहगड रस्ता ओलांडला की पलीकडे कालवा आहे. त्याच धरणातून निघतो, आणि त्या दिवशी तुडुंब भरून चालला होता. आम्ही गाळानं माखलेले तिघं, बादलीवर ओला रुमाल, मंडळांचे परतणारे ट्रक आणि ढोलवाल्यांचे टेंपो चुकवत रस्ता ओलांडून तिथे गेलो. मामा कडेला उभा राहिला पण बादली देईना.

"हे कुठे जातील?"

"स्वारगेट, हडपसर," मी म्हणालो. "मग मांजरी."

"मांजरीला जाऊन उसाला पाणी म्हणून लागतील."

"निदान वाहतं पाणी तर आहे ना, काका," संगणक म्हणाला. त्यानं गाळाच्या हातानंच डोळे पुसले. या वयाच्या पोराला नदीसाठी रडू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

"वाहतं आहेच," मामा म्हणाला. "हे नदीचंच पाणी आहे. नदी तेवढी वगळलीय."

मग त्यानं बादली पाण्यात टेकवली आणि आडवी केली. दोन उलटे तरंगत गेले. बाकीच्यांनी एक गोष्ट केली ती मी अजून कोणाला नीट सांगू शकलेलो नाही, आणि मी न सांगू शकलेल्या गोष्टी फार नाहीत. ते वळले. पाणी हडपसरकडे ओढत होतं आणि त्या बोटाएवढ्या जिवांनी तोंडं धरणाकडे केली, आणि शेपट्या मारत एका जागी उभे राहिले. तळ गुळगुळीत, धरायला दगड नाही, लपायला कपार नाही. तरी उभे राहिले. मग एकेक मागे सरकत गेला, तोंड तिकडेच ठेवून, पुलाखालच्या सावलीत गेला आणि दिसेनासा झाला.

मामानं विचारलं, "उभे आहेत का अजून?"

"आहेत," मी म्हणालो.

बादलीच्या तळाशी एक मेलेला चिकटून राहिला होता. मामानं तो संगणकाच्या जेवणाच्या डब्यात ठेवला आणि म्हणाला, मला त्या ऑफिसात घेऊन चला.

पाणी सोडणाऱ्यांच्या ऑफिसात त्या दिवशी एकच साहेब होते. मध्यमवयीन, सभ्य, मिरवणुकीच्या जागरणानं डोळे सुजलेले. आमचे पाय बघून त्यांनी आधी फरशीकडे आणि मग आमच्याकडे पाहिलं, पण बसा म्हणाले. चहाही सांगितला.

"पाणी का बंद केलंत?" मामानं विचारलं.

"विसर्जनासाठी सोडलं होतं. विसर्जन झालं."

"असं एकदम?"

"घरचा नळ तुम्ही कसा बंद करता?"

मामानं डबा टेबलावर ठेवून उघडला. "हा महाशीर आहे. मुठेत सापडला. आज सकाळी."

साहेबांनी वाकून बघितलं. अगदी नीट बघितलं, चष्मा वर करून. मला क्षणभर वाटलं, झालं, मिळाला मामाला त्याचा परका माणूस.

"बाहेरून आणून सोडलेला दिसतोय," ते म्हणाले. "मुठेत महाशीर नसतो."

मामा डब्याचं झाकण लावायला गेला, ते त्याला बाजूला ठेवलेलं दिसेना. मी उचलून त्याच्या हातात दिलं. झाकण लावून झाल्यावर त्यानं विचारलं, अगदी ऑफिसातल्या कारकुनानं साहेबाला विचारावं तसं, अदबीनं.

"साहेब, पाणी सोडताना तुमची गाडी कर्णा लावून फिरते. नदीकाठच्यांनी सावध राहा, म्हणून. बंद करताना का नाही फिरत?"

"सोडताना माणसं वाहून जातात, काका. सांगावं लागतं."

"हो, पण मग बंद करतानाही सांगायला हवं. नदीत राहतात त्यांना."

साहेबांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि घड्याळाकडे पाहिलं.

"नदीत कोणी राहत नाही," ते म्हणाले.